पारसनिशीपासून बी-वनपर्यंत

आमच्या घरातल्या जुन्या कपाटाच्या वरच्या खणात चार गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिलं आजोबांचं फारसीचं क्रमिक पुस्तक. त्याचा पुठ्ठा केव्हाच गेला आणि कडा कसरीने खाल्ल्या. दुसरा अण्णांचा रशियन-इंग्रजी तांत्रिक शब्दकोश, जाडजूड, कापडी बांधणीचा. तिसरं माझं जर्मनचं व्याकरण. चौथी माझ्या भाचीची जपानीची चौकटींची वही. चौघांनाही इंग्रजी येत होतं, आजोबांना तर अगदी कोर्टकचेरीतलं. तरी प्रत्येकाने आणखी एक परकी भाषा धरली, आणि चौघांनी चार वेगवेगळ्या धरल्या.

भाचीने मागच्या वर्षी विचारलं होतं, "मामा, जर्मन घेऊ की जपानी?" जूनच्या तोंडावर पुण्यात हा प्रश्न घरोघर निघतो आणि "स्कोप कशाला आहे?" हा दुसरा प्रश्न त्याला जोडूनच येतो. मी तिला तडकाफडकी उत्तर दिलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न आधी कोणाला पडला, त्यांनी काय निवडलं आणि का, हे एकदा मागे जाऊन पाहावंसं वाटलं. पहिल्या परक्या भाषेबद्दल असा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. ती राज्यकर्त्यांबरोबर येते, कचेरीत बसते, पोटापाण्याला लागते आणि ती शिकावीच लागते. आधी फारसीचं तसं होतं, मग इंग्रजीचं झालं. दुसरी परकी भाषा मात्र माणूस आपण होऊन निवडतो. म्हणून तिच्या निवडीत त्या माणसाचा, त्या पिढीचा कल स्वच्छ दिसतो.

शिवाजी महाराजांच्या दरबारात चिटणीस होते तसे पारसनीसही होते. दिल्ली, विजापूर, गोवळकोंडा इथे जाणारी पत्रं फारसीत लिहायची आणि आलेली वाचून दाखवायची, हे त्यांचं काम. जिझिया कराविरुद्ध औरंगजेबाला गेलेल्या प्रसिद्ध फारसी पत्राचा मसुदा नीलप्रभू मुनशीचा. त्याच दरबाराने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करून घेतला आणि कारभारात रुळलेल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. एकीकडे घरातली फारसी कमी करायची आणि दुसरीकडे पारसनिशी चोख ठेवायची, या दोन गोष्टी त्या दरबाराला परस्परविरोधी वाटल्या नाहीत. आपली भाषा आपल्यासाठी आणि समोरच्याची भाषा समोरच्यासाठी, इतका साधा हिशेब होता. आजच्या आपल्या भाषावादांत हा हिशेब मला फार आठवतो.

किनाऱ्यावर चित्र वेगळं होतं. तिथे व्यापाराची सामायिक भाषा पोर्तुगीज होती. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनाही तिच्यावाचून चालत नसे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा त्याच्यासोबत दुभाष्या म्हणून नारायण शेणवी होता. कोकण आणि गोव्यातल्या शेणव्यांनी हा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या केला. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरं उपसून या दुभाष्यांवर आणि वकिलांवर १९५२ मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहिला, तोही पोर्तुगीजमध्येच. पारसनीस आणि दुभाषी ही आज आडनावं आहेत. एके काळी भाषा येणं हे घराण्याचं वतन होतं, याचा एवढा पुरावा आपल्या शेजारच्या दारावरच्या पाटीवर मिळतो.

पोर्तुगीज शिकले मूठभर लोक, पण त्यांच्या तोंडून ती घराघरांत शिरली. साबण, चावी, बिजागरी, घमेलं, लिलाव, पगार, तुरुंग, इतकंच काय 'इंग्रज' हा शब्दसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीजमधून आला. इंग्रजांचं नाव आपण त्यांच्या शेजाऱ्याकडून ऐकलं आणि तेच ठेवलं.

पेशवाईत फ्रेंचांची चाहूल लागली. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन पुण्याला आला आणि नाना फडणिसांनी त्याला जवळ केलं, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. महादजी शिंद्यांच्या पलटणी द बॉइनने कवायतीत घडवल्या. पण फ्रेंच शिकून फ्रान्स समजून घ्यावं असं त्या वेळी पुण्यात कोणाला वाटल्याचं दिसत नाही. माणसं आणली, तोफा ओतल्या, भाषा मात्र दुभाष्यावर सोपवली. ही उणीव मला मोठी वाटते.

ती उणीव भरून काढणारा मराठा राजा त्या काळात होता, पण तो पुण्यात नव्हता, तंजावरला होता. दुसरा सरफोजी. तुळजाजी राजाने त्याला दत्तक घेतलं आणि त्याच्या शिक्षणाची काळजी ख्रिश्चन श्वार्ट्झ या मिशनऱ्यावर सोपवली. श्वार्ट्झ जन्माने प्रशियाचा, आला डॅनिश मिशनबरोबर, आणि दक्षिणेत अर्धशतक राहिला. त्याच्या देखरेखीखाली आणि पुढे मद्रासला गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्र्याकडे या मुलाचं शिक्षण झालं. इंग्रजी तर तो शिकलाच, पण तेवढ्यावर थांबला नाही, युरोपातल्या आणखी भाषांकडे वळला. १७९८ मध्ये तो गादीवर आला आणि वर्षभरातच कंपनीने त्याचं राज्य काढून घेऊन त्याच्याकडे किल्ला आणि मानमरातब तेवढा ठेवला. दुसरा कोणी खचला असता. सरफोजीने पुस्तकं मागवली. तंजावरच्या सरस्वती महालात आजही त्याने जमवलेली इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकं आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर त्याने इंग्रजीत केलेली सही आहे. वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पती, भूगोल, सगळं त्यात आहे. राज्य नसलेल्या राजाने इंग्रजांच्या भाषेपलीकडे पाहिलं, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळांत शिकवली जायला हवी असं मला मनापासून वाटतं. श्वार्ट्झ वारला तेव्हा सरफोजीने त्याच्या समाधीवरच्या ओळी स्वतः इंग्रजीत रचल्या.

इकडे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू केलं, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून. बाळशास्त्र्यांना फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीकही येत होतं. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांना याला वेळ कधी मिळाला असेल, याचं नवल वाटतं.

मग १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं आणि 'सेकंड लँग्वेज' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत शिरला. मॅट्रिकला इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, फारसी, लॅटिन अशांतली एक भाषा घ्यायची. जुनी माणसं ओळख करून घेतानाही विचारत, "तुमची सेकंड लँग्वेज कोणती?" बहुतेक मराठी ब्राह्मण मुलं संस्कृत घेत. आमच्या आजोबांनी पर्शियन घेतली, कारण त्यांच्या वडिलांना वाटायचं की जमिनीचे जुने कागद वाचता यायला हवेत.

त्यांचं ते पुस्तक मी कधी कधी काढून बसतो. समासात पेन्सिलीने मोडीत अर्थ लिहिलेले आहेत. मोडी मला अडखळत वाचता येते. एका पानावर त्यांनी बारा शब्दांपैकी सात शब्दांपुढे काहीच लिहिलेलं नाही, नुसती एक आडवी रेघ ओढली आहे. लहानपणी मला वाटलं, अर्थ मिळाला नसेल. मोठेपणी कळलं की ते शब्द होते हाजिर, अर्ज, जमीन, तारीख असे. अर्थ लिहायचा कशाला, ते शब्द घरातलेच होते. परकी भाषा शिकताना आपलीच भाषा अशी अचानक समोर उभी राहते, हे आजोबांच्या त्या सात रेघांनी मला प्रथम शिकवलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनकडे ओढा वाढला आणि त्यामागे पोटाचा प्रश्न नव्हता. वेदांवर, पाणिनीवर, महाभारतावर जगात सगळ्यात खोल काम जर्मनमध्ये चाललं होतं. आपल्याच ग्रंथांवर कोण काय म्हणतं, हे कळायचं तर दोन वाटा होत्या. इंग्रजी भाषांतराची वाट पाहायची, नाहीतर जर्मन शिकायचं. टिळकांनी दुसरी वाट धरली, आणि कुठे, तर मंडालेच्या तुरुंगात. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते, मधुमेहाने गांजलेले. त्या लाकडी बराकीत पुस्तकांच्या आधाराने ते जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकले. शिक्षक नाही, बोलायला दुसरा माणूस नाही, उच्चार ऐकायची सोय नाही. त्यांना बोलायचं नव्हतंच. त्यांना वाचायचं होतं. 'गीतारहस्य' तिथेच पेन्सिलीने लिहिलं गेलं, त्याची आठवण सगळे काढतात. मला तिथला जर्मनचा अभ्यासही तितकाच मोठा वाटतो. पन्नाशीनंतर भाषा येत नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी मंडालेची गोष्ट सांगतो.

पुढच्या पिढीला बर्लिनलाच जाता आलं. विष्णु सीताराम सुखटणकर आधी केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतकडे वळले. हस्तलिखितांची तुलना करून मूळ पाठ कसा ठरवायचा, हे शास्त्र ते तिथे शिकले. १९२५ मध्ये भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम त्यांच्या हाती आलं. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांतल्या पोथ्या एका ओळीसाठी शेजारी शेजारी मांडून पाठ ठरवायचा, हे काम नुसत्या पाठांतराने होणारं नव्हतं. ती आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, सुखटणकर त्याआधी तेवीस वर्षं गेले होते. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या आणि मनुष्याच्या कवटीच्या विषमतेवर त्यांनी प्रबंध लिहिला. पुढे पंढरीच्या वाटेवर चालत त्यांनी जे पाहिलं आणि लिहिलं, त्यात ती मोजून पाहायची सवय मला दिसते.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. हायडेलबर्गचे ग्युंटर सोन्थायमर मराठी शिकले आणि धनगरांच्या वाड्यावाड्यांवर, जेजुरीला, जत्रांना वर्षानुवर्षं फिरले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये आला. त्याचं इंग्रजी व्हायला १९८९ उजाडलं. मधली तेरा वर्षं आमच्या खंडोबावरचा एक महत्त्वाचा ग्रंथ जर्मन येणाऱ्यालाच वाचता येत होता. मी जर्मन शिकायला लागलो ते या पुस्तकापायी. संध्याकाळच्या वर्गात आम्ही सोळा जण होतो, मला सोडून सगळे नोकरीसाठी आलेले. बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला कारण विचारलं. मी म्हटलं, खंडोबासाठी. बाईंना ते फार आवडलं.

निवडीला नेहमी असा निवांतपणा मिळतोच असं नाही. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. क्रांतिकार्यासाठी देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढले. परत येण्याची वाट बंद झाली तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले. वय चाळिशीचं, खिशात फारसं काही नाही आणि देशाची भाषा स्पॅनिश. काही वर्षांत ते चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते, मक्याच्या नव्या वाणांवर स्पॅनिशमध्ये लिहीत होते आणि शेतकऱ्यांसाठी शाळा काढत होते. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, जेवणाच्या मेजाशी बसून भाकर मोडणाऱ्या माणसाच्या रूपात त्यांना रंगवलं. विदर्भातला माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर अन्न वाटताना बसला आहे. चापिंगोला २०२२ मध्ये त्यांचा पुतळाही उभा राहिला. परदेशात राहणारे पुष्कळ असतात. तिथल्या शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत मक्याबद्दल बोलणारे विरळा.

स्वातंत्र्यानंतर वारा फिरला. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरू लागला आणि 'रानडेला जातो' याचा अर्थ भाषा शिकायला जातो असा झाला. जर्मन, फ्रेंचबरोबर तिथे रशियन आली. आमच्या घरात ती नाशिकहून आली. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला आणि अण्णा तिथे फिटर म्हणून लागले. ड्रॉइंग सगळी रशियनमध्ये. इंग्रजी पीसारखं दिसणारं अक्षर 'र' वाचायचं, एचसारखं दिसणारं 'न' आणि बीसारखं दिसणारं 'व'. अण्णा सांगत की पहिले दोन महिने डोकं गरगरायचं, कारण डोळ्याला ओळखीचं वाटणारं अक्षर तोंडाला फसवायचं. मग एक दिवस ती अक्षरं आपोआप सरळ वाचली जायला लागली.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि रशियनचा 'स्कोप' बघता बघता ओसरला. अण्णांच्या बरोबरीच्या पुष्कळांनी शब्दकोश रद्दीत घातले. अण्णांनी सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून स्वस्तात घेतलेले चेकॉव्हचे खंड होते. रविवारी दुपारी, त्याच जाड तांत्रिक कोशाच्या आधाराने, ते एकेक कथा वाचत. त्या कोशात बोल्ट, झडप, दाब यांचे शब्द भरपूर आणि विरह किंवा पश्चात्ताप यांचे अगदी तोकडे. तरी ते वाचत राहिले. मोपासाँ असो, चेकॉव्ह असो की ब्रेख्त, मराठीत ते बहुतांशी इंग्रजीमार्गे आले. आमच्या घरात एक माणूस मधला पडदा सारून वाचत होता. नोकरीसाठी धरलेली भाषा नोकरी संपल्यावरही माणसाजवळ राहू शकते, फक्त त्याने तिला ठेवून घ्यायला हवं.

जर्मनने पुण्यात दुसरा अवतार घेतला तो कारखान्यांतून. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने निघाली. 'टेम्पो' हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. आज सामान हलवायला 'टेंपो बोलाव' म्हणताना आपण एक जर्मन नाव घेतो हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. पोर्तुगीज साबणासारखंच हे झालं. पुढे चाकणला जर्मन मोटारी बनू लागल्या, आणि मॅक्स म्युलर भवनातल्या वर्गांना इंजिनिअर येऊ लागले.

२००१ मध्ये युरोपीय परिषदेने भाषेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत, आणि बोलण्याची तऱ्हाच बदलली. 'जर्मन येतं का?' या प्रश्नाला पूर्वी 'थोडंफार' असं उत्तर असे. आता 'बी-वन झालं, बी-टू चालू आहे' असं असतं. जपानीला एन-फाइव्हपासून उलटं चढत एन-वनला जायचं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि नर्स, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक यांच्यासाठी जर्मनचे वर्ग निघाले. तालुक्याच्या गावातली मुलगी दिवसभर वॉर्डात ड्युटी करून रात्री मोबाइलवर जर्मन विभक्त्या घोकते, तेव्हा मला तिच्यात नारायण शेणवीच दिसतो. भाषा पोटासाठी शिकणं यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडे या विद्येची सुरुवातच तिथून झाली.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. अकरावीला हजारो मुलं मराठी सोडून फ्रेंच किंवा जर्मन घेतात, कारण तिथे मार्क पडतात. दोन वर्षं ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरं पाठ होतात, पेपर होतो आणि भाषा तिथेच संपते. शेजारच्या एका मुलाला फ्रेंचमध्ये नव्वदच्या वर गुण होते. सहा महिन्यांनी त्याला फ्रेंचमध्ये ऐंशी कसं म्हणतात ते विचारलं तर आठवेना. एवढ्या वेळात मराठीही गेली आणि फ्रेंचही आली नाही.

ऐंशीचीच गोष्ट सांगतो, कारण दुसरी परकी भाषा काय देते ते मला तिथे सगळ्यात जवळून दिसतं. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतात, म्हणजे चार विसा. इंग्रजीतून गेलेल्याला हे विचित्र वाटतं. माझी आजी भाकऱ्या आणि गोवऱ्या विसांनीच मोजायची, तिला ते एका क्षणात कळलं असतं. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना आधी एक येतो आणि मग वीस, अगदी आपल्या एकवीस, बावीस, तेवीससारखं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. जर्मनीतही 'वीस-एक' म्हणावं असा आग्रह धरणारी एक संघटना आहे, तिचं नावच 'त्स्वान्त्सिश-आइन्स'. आपला प्रश्न आपल्यापुरता नव्हता, हे इंग्रजीच्या खिडकीतून दिसलं नसतं.

लिंगांचंही तसंच. इंग्रजीत शिकलेला मुलगा जर्मनच्या तीन लिंगांपुढे हात टेकतो. मराठी मुलाला तो, ती, ते पाळण्यातच मिळालेलं असतं. हाउस, बूख, किंट, वासर हे चारही शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहेत: ते घर, ते पुस्तक, ते मूल, ते पाणी. सगळे शब्द असे जुळत नाहीत, सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे पटवून घ्यायला वेळ लागत नाही. हांड, फिंगर यांसारख्या शब्दांना इंग्रजी हात देते आणि व्याकरणाला मराठी. दुसरी परकी भाषा पहिलीपेक्षा लवकर का येते, याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण असं की आपण एकदा चुका करत करत बोलायला शिकलेलो असतो, आणि त्यातली लाज मोडलेली असते.

भाचीने शेवटी जपानी घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, "मामा, सात वर्षं ॲनिमे बघतेय. आता खालच्या ओळी न वाचता ऐकायचंय." मला हे कारण पटलं. ज्या भाषेत रोज काहीतरी ऐकायला, वाचायला किंवा कोणाशी तरी बोलायला आपल्याला ओढ आहे, तीच भाषा तीन वर्षांनंतरही टिकते. स्कोप दर दशकाला बदलतो, हे आमच्या कपाटातच दिसतं.

पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "हे बघ, ही आपली बाराखडी आहे." स्वर होते आ, इ, उ, ए, ओ. खाली ओळी होत्या का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपलाच क्रम, मधली काही घरं रिकामी. 'च'च्या जागी 'सा' बसला आहे आणि 'प'च्या जागी 'हा', कारण तो 'हा' फार पूर्वी 'पा' होता. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकले, त्यांच्याबरोबर भारतीय वर्णमालेचा क्रम जपानला गेला आणि तिथल्या अक्षरांना लागला. दोघं मिळून आम्ही ती ओळ तीन-चारदा मोठ्याने म्हटली. स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "आता कुठली शाळा भरलीय?" मग भाचीने तिला कोडं घातलं, "आई, दोकिदोकि म्हणजे काय असेल?" ताईने पोळी उलथत क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "धडधड?" बरोबर होतं.

मी स्वतः आता साठीच्या पलीकडे आहे आणि या वर्षी पोर्तुगीज सुरू केलं आहे. शिवाजी महाराजांचं कोश्मे द ग्वार्दा याने लिहिलेलं चरित्र १७३० मध्ये लिस्बनला छापलं गेलं. ते इंग्रजीत मी वाचलं आहे. त्या माणसाने आपल्या शब्दांत काय म्हटलं होतं ते वाचायचं आहे. पिसुर्लेकरांचा तो ग्रंथही शेल्फवर आणून ठेवला आहे, अजून उघडायची हिंमत नाही. पहिल्या धड्यात घरातल्या वस्तूंची नावं आहेत. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि साबणाच्या पोर्तुगीज शब्दापुढे, मग चावीच्या, मग घमेल्याच्या शब्दापुढे नुसती आडवी रेघ ओढली. पुढचं पान क्रियापदांचं आहे.